तारेतला तोतया

महाजालाच्या वेगाचा प्रश्न हा तंत्रज्ञांचा प्रश्न आहे, असे आमच्या शिक्षकखोलीत ठामपणे सांगितले जाते. जोडणी पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या ग्राहकाचा वेग मधूनच कमी करतात. एका प्रकारच्या मजकुराला वाट देतात, दुसऱ्याला अडवतात. त्यावरून अमेरिकेत वीस वर्षे खटले चालतात, आपल्याकडे नियमावल्या निघतात आणि मराठीचे प्राध्यापक ‘हे काही आपले क्षेत्र नव्हे’ असे म्हणून पुन्हा अभ्यासमंडळाच्या कागदांकडे वळतात. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. या साऱ्या वादात तांत्रिक भाग थोडा आहे, आणि तो समजून घेण्यास बारावीच्या विज्ञानाचीही गरज नाही. उरलेला सगळा भाग शब्दांचा आहे. कोणता शब्द कोणी वापरला, कोणाच्या नावाने वापरला आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे, हे ते प्रश्न. हे जर वाङ्मयाच्या अभ्यासकांचे क्षेत्र नसेल, तर आमचे क्षेत्र नेमके कोणते?

प्रकरण मुळापासून पाहू. २००७ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातले रॉब टोपोल्स्की हे गृहस्थ एका विचित्र अडचणीत सापडले. व्यवसायाने ते संगणकप्रणाली तपासणारे, आणि छंदाने बार्बरशॉप गायनाचे शौकीन. चार आवाजांनी वाद्यांच्या साथीविना, सुरात सूर गुंफत गायचा हा जुना अमेरिकी प्रकार. त्याच्या प्रताधिकाराची मुदत संपलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिका ते बिटटॉरेंट या पद्धतीने इतर शौकिनांना देऊ पाहत होते. या पद्धतीत मोठ्या फायलीचे लहान तुकडे होतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा असेल तो त्याने इतरांना द्यायचा असतो. एखादी पोथी दहा घरांत वाटून ठेवावी, एकाकडून पहिला अध्याय घ्यावा आणि दुसऱ्याला पाचवा द्यावा, तसा हा व्यवहार. मध्ये कोठार नाही, कोठारवालाही नाही.

टोपोल्स्कींचे देणे काही केल्या पुरे होईना. तेव्हा त्यांनी आपल्या संगणकातून बाहेर जाणारी आणि आत येणारी पाकिटे उघडून पाहिली. (संगणकवाले ज्याला ‘पॅकेट’ म्हणतात ते आपले पाकीटच : वर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, आत मजकुराचा तुकडा.) त्यात त्यांना काही पाकिटे अशी आढळली की जी समोरच्याने पाठवलेलीच नव्हती. दोन संगणक एकमेकांशी बोलत असताना संभाषण तडकाफडकी तोडायचे झाल्यास एक ठरलेली खूण पाठवली जाते. तिला ‘रीसेट’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर, ‘मी आता तार सोडतो, पुढे बोलू नये’. जोडणी देणारी कॉमकास्ट ही केबल कंपनी ही खूण दोन्ही बाजूंना पाठवत होती. मात्र स्वतःच्या नावाने नव्हे. ‘अ’ला ती ‘ब’च्या नावाने पाठवली जात होती आणि ‘ब’ला ‘अ’च्या नावाने. दोघांनाही वाटे, समोरच्यानेच फोन ठेवला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने याची स्वतंत्र पडताळणी केली. पडताळणीसाठी त्यांनी जी फाइल निवडली ती साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती होती १६११ सालचे इंग्रजी बायबल, ज्याला किंग जेम्स बायबल म्हणतात ते. निवडीचे कारण साधे होते : त्यावर कोणाचा हक्क नाही, त्याची नक्कल कोणालाही देता येते, तेव्हा ‘आम्ही चोरीचा माल अडवत होतो’ असे म्हणायला कंपनीला जागा उरू नये. बायबलही अडले.

कंपनीने आधी नकार दिला. नंतर तिने एक शब्द पुढे केला : ‘विलंब’. आम्ही काहीही अडवत नाही, काही प्रकारची देवघेव काही काळ लांबवतो एवढेच, असे तिचे म्हणणे. फेब्रुवारी २००८मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दूरसंचार आयोगाने या प्रश्नावर जाहीर सुनावणी घेतली. तेव्हा सभागृहातल्या काही जागा कंपनीने पैसे देऊन बसवलेल्या माणसांनी आधीच अडवलेल्या होत्या आणि त्यांतली काही मंडळी चक्क झोपली होती. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जागा धरून ठेवायला माणसे नेमल्याचे कंपनीने मान्य केले. जागा अडवण्याची कला तिला तारेबाहेरही अवगत होती, एवढाच याचा अर्थ.

ऑगस्ट २००८मध्ये आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीविरुद्ध आदेश काढला. त्या आदेशात एक उपमा आहे आणि ती आम्हाला मार्मिक वाटते. पाकिटावरचा पत्ता किंवा तिकीट पाहून पत्र पोचवण्याऐवजी आत कोणत्या प्रकारचे पत्र आहे हे पाहून ते पोचवायचे की नाही हे ही कंपनी ठरवते, अशा आशयाची ती उपमा. पण आमच्या मते ती अपुरी आहे. पत्र उघडून वाचणारा पोस्टमन हा एक गुन्हेगार. पत्र वाचून झाल्यावर त्याच हस्ताक्षरात दुसरे पत्र लिहून पाकिटात घालणारा पोस्टमन हा अगदीच वेगळा. पहिला आपले गुपित नेतो, दुसरा आपला आवाज नेतो.

मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज पडू नये. ‘ध’चा ‘मा’ केला, हा वाक्प्रचार आपण दिवसातून एकदा तरी वापरतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. गारद्यांना गेलेल्या पत्रात ‘धरावे’ असे होते, त्याचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही कथा इतिहासकारांना पुराव्याने मान्य नाही, आणि एका स्त्रीच्या माथी सगळे पाप मारण्याची तिच्यातली सोयही उघड आहे. पण लोकांनी ती अडीचशे वर्षे जपली त्याला कारण आहे. लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मधला माणूस एक अक्षर बदलू शकतो, आणि बदललेले अक्षर मूळ लिहिणाऱ्याच्याच सहीखाली जाते, ही भीती तिच्यात साठलेली आहे. त्याच काळात भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईला किती छळले हेही आपण शाळेत वाचतो. तोतया म्हणजे केवळ खोटे बोलणारा नव्हे. दुसऱ्याचे नाव लावून बोलणारा. कॉमकास्टच्या यंत्राने जे केले त्याला मराठीत नेमका शब्द आहे आणि तो ‘विलंब’ नाही.

आता यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. तारेची क्षमता मर्यादित असते. संध्याकाळी सगळेच जोडणी वापरू लागले की कोंडी होते. एखाद्याने अहोरात्र मोठ्या फायली वाहून नेल्या तर शेजाऱ्याचे साधे पत्रही रखडते. मग मालकाने वाहतूक नियंत्रित केली तर त्याचे काय चुकले? पाटाला पाणी कमी असले की पाटकऱ्याला पाळ्या लावाव्याच लागतात. हे आम्हाला मान्य आहे. पाटाच्या पाण्यात तर पीकही पाहिले जाते. पण पाळी कधी, कोणाला, किती तास, हे गावाला आधी माहीत असते. आणि पाटकरी रात्री येऊन ‘तुमच्या शेजाऱ्यानेच तुमचे दार बंद केले’ असे सांगत नाही.

शिवाय कोंडीचा बचाव वस्तुस्थितीवरही टिकला नाही. अडवणूक कोंडीच्या वेळेपुरती नव्हती. तार मोकळी असतानाही ती चालू होती, असे आयोगाला आढळले. या देवघेवीतून लोक चलच्चित्रे मिळवू लागले होते आणि कंपनीचा स्वतःचा धंदा दूरचित्रवाणीचा होता, हीही गोष्ट आयोगाने नोंदवली. सर्वांत बोलका पुरावा मात्र कंपनीने स्वतःच दिला. २००८ संपेपर्यंत तिने नवी व्यवस्था बसवली. कोंडीच्या वेळी जो ग्राहक फार वापर करत असेल त्याचा वेग थोडा वेळ मागे ठेवायचा, मग तो गाणी पाठवत असो की बायबल. आत काय आहे ते न पाहताही कोंडी आवरता येते, हे तिने असे सिद्ध करून दाखवले. मग आधी पाकिटे उघडण्याची गरज कोणती होती? या प्रश्नाला आजवर उत्तर मिळालेले नाही.

वेग कमी करणे हे बंद करण्यापेक्षा सौम्य असते, असा समज आमच्या अनेक सहकाऱ्यांच्या मनात आहे. बंदीविरुद्ध ते लेखणी उचलतील. मंदीविरुद्ध उचलणार नाहीत. इथे मराठी रंगभूमीचाच दाखला घेऊ. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने अडवले. कमलाकर सारंग न्यायालयात गेले आणि जिंकले. पुढे त्या लढ्यावर ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तकही झाले. ही लढाई शक्य कशामुळे झाली? मंडळाला नाव होते, पत्ता होता, त्याने सुचवलेल्या कापाकापीची यादी कागदावर होती. प्रतिपक्ष समोर उभा होता. बंदीने नाटकाला प्रेक्षक मिळवून दिले, ही तर नंतर दंतकथाच झाली. आता अशी कल्पना करा की नाटकाला परवानगी आहे, पण प्रत्येक प्रयोगाला पडदा दीड तास उशिरा वर जातो, ध्वनिवर्धक मधूनच बसतो, आणि कारण विचारल्यास व्यवस्थापक खांदे उडवतो. प्रेक्षक चिडून निघून जातील आणि दोष देतील तो नाटकमंडळीला. न्यायालयात जायचे तर कोणता आदेश घेऊन जायचे? मंदावलेल्या मजकुराला हुतात्मा होण्याचीही संधी नसते. वाचक कंटाळून पान मिटतो आणि ते पान कोणी मिटायला लावले हे त्याला कळतही नाही.

सत्तेलाही हा धडा लवकर समजला, हे जाता जाता सांगायला हवे, जरी आमचा विषय कंपन्यांचा असला तरी. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९पासून महाजाल बंद होते. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी बंदी अनिश्चित काळासाठी चालू ठेवता येणार नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. त्याच महिन्यात महाजाल परत आले, पण २जीच्या वेगाने आणि मोजक्या संस्थळांपुरते. संस्थळांवरचे बंधन पुढे निघाले, वेगावरचे राहिले. ४जी सर्वत्र सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात साथ आली आणि तिथले विद्यार्थी त्या वेगावर दूरस्थ वर्ग करत होते. महाजाल ‘सुरू’ होते, असे नोंदीत म्हणता येत होते.

‘विलंब’ हा शब्द जसा कामाला जुंपला गेला, तसाच ‘अमर्याद’ हाही. अमेरिकेतील एटीअँडटी या कंपनीने भ्रमणध्वनीच्या ग्राहकांना ‘अनलिमिटेड’ योजना विकल्या आणि ठरावीक वापरानंतर त्यांचा वेग पाडायला सुरुवात केली. कित्येकांच्या बाबतीत महिन्याला अवघ्या दोन गिगाबाइटनंतर. २०१४मध्ये तिथल्या संघराज्य व्यापार आयोगाने दावा लावला तेव्हा असे पस्तीस लाखांहून अधिक ग्राहक असल्याचे सांगितले गेले. काहींचा वेग नव्वद टक्क्यांपर्यंत उतरला होता. २०१९मध्ये कंपनीने सहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तडजोडीची एक अट आम्हाला विशेष वाटते : वेगावर मर्यादा असेल तर ती ‘अमर्याद’ या शब्दाजवळच ठळकपणे सांगावी लागेल. एका विशेषणाच्या अर्थासाठी पाच वर्षे गेली.

आणि हे केवळ ग्राहकाच्या खिशाचे प्रकरण आहे असे ज्यांना वाटते त्यांनी २०१८चा कॅलिफोर्नियातील वणवा आठवावा. मेंडोसिनो कॉम्प्लेक्स नावाने ओळखला गेलेला तो वणवा तोवरच्या नोंदींत त्या राज्यातला सर्वांत मोठा. त्या वेळी सँटा क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाची एक गाडी माणसे आणि साधने कोठे पाठवायची याचे नियोजन करत होती. तिची व्हेरायझनची जोडणी ‘अमर्याद’ योजनेतली होती. ठरलेला वापर उलटताच वेग मूळच्या दोनशेव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली आला, असे दलप्रमुखांनी न्यायालयात शपथेवर सांगितले. दलाने कंपनीला कळवले. उत्तरात त्यांना दुपटीहून महाग योजना घेण्यास सुचवण्यात आले. नंतर कंपनीने ही चूक मान्य केली आणि तिचे खापर ग्राहकसेवेवर फोडले. असेलही. पण आग लागलेली असताना ‘अमर्याद’ या शब्दाचा खरा अर्थ विचारण्याची पाळी कोणावर यावी?

आता सर्वांत चमत्कारिक शब्दाकडे येऊ. कॉमकास्टविरुद्धचा २००८चा आदेश एप्रिल २०१०मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने रद्द केला. कंपनीचे वागणे योग्य होते असे न्यायालयाने म्हटले नाही. आयोगाला तसा आदेश काढण्याचा अधिकारच नाही, असे म्हटले. तो अधिकार अडकला होता १९९६च्या कायद्यातील दोन व्याख्यांत : ‘दूरसंचार सेवा’ आणि ‘माहिती सेवा’. पहिलीत मोडणाऱ्यावर जुन्या तारायंत्र-टेलिफोन कंपन्यांसारखे सर्वांना सारखे वागवण्याचे बंधन येते, दुसरीत मोडणाऱ्यावर येत नाही. आणि पहिलीत कोण मोडते? जो लोकांना शुल्क घेऊन दूरसंचार ‘ऑफर’ करतो तो. मग केबल कंपनी नेमके काय ‘ऑफर’ करते, तार की तारेवरून मिळणारी सगळी एकजीव सेवा?

२००५ साली, म्हणजे टोपोल्स्की प्रकरणाच्याही आधी, ब्रँड एक्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश या एका क्रियापदावर गंभीरपणे भांडले. बहुमताच्या बाजूने न्यायमूर्ती थॉमस यांनी मोटारीचा दाखला दिला : विक्रेता मोटार विकतो, तो इंजिन ‘विकतो’ असे आपण म्हणत नाही. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी पिझ्झाचा दाखला दिला. दुकानदार घरी पिझ्झा आणून देतो आणि तरी ‘आम्ही घरपोच सेवा देत नाही, फक्त पिझ्झा भाजतो आणि तो तुमच्या घरी आणतो’ असे म्हणाला तर कोण ऐकून घेईल? मग कुत्र्याचे पिल्लू आणि त्याचा पट्टा यांचीही चर्चा झाली. काव्यशास्त्राच्या तासाला लक्षणा शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सापडणार नाही. आणि या लक्षणेवर कोट्यवधी लोकांचे वाचणे-बोलणे टांगलेले होते. सहा विरुद्ध तीन मतांनी मोटार जिंकली. अर्थ संदिग्ध असल्याने आयोगाने लावलेला अर्थ मानावा, असे ठरले.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो कंटाळवाणा आहे आणि कंटाळवाणा असणे हेच त्याचे कार्य असावे अशी शंका येते. आयोगाने २०१०मध्ये नवे नियम केले, ते २०१४मध्ये बहुतांशी रद्द झाले. २०१५मध्ये व्याख्या बदलून पुन्हा नियम केले, ते २०१७मध्ये नव्या सत्तेने मोडीत काढले. एप्रिल २०२४मध्ये ते पुन्हा आणले. दोनच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने, संदिग्ध शब्दाचा अर्थ आयोगावर न सोपवता न्यायालयांनी स्वतः लावावा, असा निर्णय दुसऱ्या एका प्रकरणात दिला. आणि २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने महाजालाची जोडणी ही ‘माहिती सेवा’च आहे असे ठरवून नियम रद्द केले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे स्वतःचे कायदे तेवढे उरले. या सगळ्या निवाड्यांत एक प्रश्न अखेरपर्यंत विचारलाच गेला नाही : दुसऱ्याच्या नावाने निरोप पाठवणे हे खोटे आहे की नाही?

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे, आणि कागदावर तरी बरी. २०१५मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, विचारविनिमयपत्र काढले तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांनी पत्रे धाडली. फेब्रुवारी २०१६मध्ये मजकूर पाहून वेगवेगळा दर लावण्यास मनाई झाली आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना भारतातून उठली. २०१८मध्ये परवान्यांच्या अटींतच मजकूर पाहून अडवणे, मंदावणे किंवा पुढे सरकवणे निषिद्ध केले गेले. जुलै २०२०मध्ये व्होडाफोन आयडिया आणि एअरटेल यांनी जादा पैसे भरणाऱ्यांना जादा वेगाचे ‘प्राधान्य’ देऊ केले तेव्हा ट्रायने त्या योजना रोखल्या आणि विचारले की मग बाकीच्यांच्या वेगाचे काय; प्रकरण पुढे न्यायाधिकरणापर्यंत गेले. ‘प्राधान्य’ हा शब्द एकट्याने कधीच येत नाही, त्याच्या मागे कोणाचे तरी दुय्यमत्व चालत येते, हे ट्रायला कळले याचे आम्हाला समाधान आहे.

पण आपला नियम मजकुरापुरता आहे. माणसाच्या खिशाकडे पाहून वेग पाडण्याला त्याची आडकाठी नाही. कित्येक भ्रमणध्वनी योजनांत दिवसाचा दीड-दोन गिगाबाइटचा वाटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि योजनेच्या कपाळावर ‘अनलिमिटेड’ हा टिळा तसाच राहतो. २००४ साली सरकारने ब्रॉडबँडची जी व्याख्या केली तिच्यातही किमान वेग २५६ होता. २०२३पासून तो २ एमबीपीएस, म्हणजे ६४च्या तीसपटीहून अधिक आहे. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तके चित्रित स्वरूपात पुष्कळ आहेत, एम. ए.च्या विद्यार्थ्याला तालुक्याच्या गावी बसून ती मिळावीत यापरते सुख नाही. असा एखादा ग्रंथ चाळीस मेगाबाइटचा असेल तर ६४च्या वेगाने तो उतरवायला सुमारे दीड तास लागेल, तोही मध्येच तार न तुटली तर. ज्याच्याकडे घरी फायबरची जोडणी आहे त्याला पाच सेकंद. २०२०-२१च्या दूरस्थ वर्गांत दुपारनंतर मुले एकेक करून गळत, आणि हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिण्याची आमच्यावर पाळी येई. ती गैरहजर नव्हती. दिवसाचा वाटा संपला होता, एवढेच.

हा प्रकार कॉमकास्टसारखा नाही, हे आम्ही स्पष्ट करतो. इथे कोणी तोतयेगिरी करत नाही. बारीक टंकात का होईना, सांगून केले जाते. म्हणून एकाच काठीने दोघांना हाकणे बरोबर नाही. पण ‘अमर्याद’ म्हणायचे आणि खाली तारांकन करून ‘वाजवी वापराच्या धोरणास अधीन’ असे लिहायचे, यात ‘वाजवी’ कोणी ठरवले? स्थिर जोडणीच्या बाबतीत ट्रायने २०१६मध्ये मर्यादा उलटल्यावरही ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ नये असे बजावले. म्हणजे शब्दाच्या अर्थाला खालून टेकू देता येतो. भ्रमणध्वनीला तसा टेकू का नसावा, विशेषतः ज्या देशात बहुसंख्य विद्यार्थ्यांची वही, ग्रंथालय आणि वर्ग हे सारे त्या एका यंत्रात आहे?

खासगी मालकीचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत जुना आहे. तार ज्याची त्याने ती हवी तशी वापरावी, हे म्हणणे. टेलिफोनच्या आरंभीच्या काळात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये अल्मन स्ट्रोजर नावाचा एक अंत्यसंस्कार-व्यावसायिक होता. जोडणी करून देणारी बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याचा संशय होता, असे सांगितले जाते. त्याने कटकट मिटवण्यासाठी माणसाविना चालणारे टेलिफोन केंद्रच शोधून काढले आणि १८९१मध्ये त्याचे पेटंट मिळवले. तारेच्या मालकीवर त्याचा आक्षेप नव्हता. आपण ज्याला हाक मारली त्याच्याकडेच ती जावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. सव्वाशे वर्षांनंतर यंत्रे पुन्हा त्या बाईसारखी वागू लागली, आणि आता संशय घ्यायलाही पाकिटे उघडून पाहणारा एखादा टोपोल्स्की लागतो.

‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द २००३ साली टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकांनी रूढ केला. मराठीत आपण त्याला ‘जालतटस्थता’ म्हणू लागलो. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. ज्याच्या हातात पाटाचे दार आहे तो काठावर उभा नसतो. त्याच्याकडून तटस्थता नव्हे, सचोटी मागायची असते. ‘जालसचोटी’ हा शब्द कानाला जड वाटेल, पण मागणे काय आहे ते तरी तो सांगतो.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. उपयोजित मराठीच्या तासाला जाहिरातीचे मसुदे आपण शिकवतोच. पुढच्या सत्रात एखाद्या योजनेचे अटीपत्रक वर्गात न्यावे. ‘अमर्याद’, ‘वाजवी’ आणि ‘प्राधान्य’ हे तीन शब्द विद्यार्थ्यांना अधोरेखित करायला सांगावे, आणि प्रत्येकाचा त्या कागदावरचा अर्थ त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा. अटीपत्रक केवळ इंग्रजीत असेल तर ते मराठीत मागावे. मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. ट्रायची विचारविनिमयपत्रे कोणालाही वाचायला आणि मत कळवायला खुली असतात. पुढचे निघेल तेव्हा त्यावर एक उत्तर एखाद्या मराठी विभागाच्या शिक्क्यानिशी जावे.